प्लेगची एक खोली: इतिहासाचे प्रदर्शन उभे करताना

विषय: पुण्यातला १८९७ चा प्लेग. जागा: वीस फूट बाय तीस फुटांची एक खोली, एकच दार, पश्चिमेला मोठी खिडकी. मुदत: सहा महिने. संग्रहालयशास्त्र शिकायला आलेल्या मुलामुलींना मी सरावासाठी हेच काम देतो. विषय सगळ्यांना माहीत असतो, निदान तसे वाटते. सैनिकांकरवी घराघरांची तपासणी करवणारा प्लेग समितीचा अध्यक्ष रँड, त्याच्यावर गोळ्या झाडणारे चाफेकर बंधू, गणेशखिंड रस्ता, फाशी. आणि नेमकी हीच अडचण आहे. लोकांना शेवट ठाऊक असलेली गोष्ट खोलीत मांडायची, तर त्यांना मधेच थांबायला लावणारे काहीतरी आपल्याकडे असावे लागते. पुढे जे लिहिले आहे ते या एका खोलीच्या निमित्ताने. तुमचा विषय गिरणी संप असो की गावच्या पाणवठ्याचा इतिहास, कामाचा क्रम साधारण हाच राहतो.

आधी एक वाक्य लिहा

पहिल्या आठवड्यात वस्तू शोधू नका, रंग निवडू नका, भिंती मोजू नका. एक वाक्य लिहा. ‘पुण्यातल्या प्लेगची माहिती देणे’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्यात काहीही बसते आणि काहीच गळत नाही. आमच्या खोलीचे वाक्य असे ठरले: ‘रोग नेमका कशाने पसरतो हे कळण्याआधीच सरकार लोकांच्या स्वयंपाकघरात शिरले, आणि शहराने ते माफ केले नाही.’

आता काय गळते ते बघा. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली प्लेगची लस मुंबईत स्वतःलाच टोचून घेतली, ही सांगावीशी वाटणारी हकिकत बाहेर जाते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला, ते सुरुवातीच्या एका ओळीपुरते उरते. टिळकांचा राजद्रोहाचा खटला एका कोपऱ्यात बसतो. त्याऐवजी जे विषयाला टेकून आहे त्याला जागा मिळते: त्या वेळी काय ठाऊक होते आणि काय नव्हते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण उंदरावरची पिसू तो पसरवते ही कल्पना फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत मांडली ती १८९८ मध्ये, आणि ती सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात जमिनी उकरणारे, भिंतींना चुना फासणारे, अंथरुणे जाळणारे लोक घराशी लढत होते आणि उंदीर आढ्यावरून शेजारी जात होता. हे एकदा प्रेक्षकाला कळले की उरलेली खोली त्याला वेगळी दिसते.

वाक्य मोठ्या अक्षरांत छापून कामाच्या टेबलासमोर चिकटवा. पुढचे सहा महिने प्रत्येक भांडण त्या वाक्यापाशी न्यायचे.

पुरावा: कोण बोलतो आहे?

आता वाचन. मुंबईचे राज्य पुराभिलेखागार, पुण्यातले भारत इतिहास संशोधक मंडळ, ‘केसरी’च्या जुन्या फायली, प्लेग समितीचे सरकारी अहवाल, जुन्या वाड्यांतले खासगी कागद. प्रत्येक कागदासाठी एक कार्ड करा. कार्डावर चार गोष्टी: कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, घटनेनंतर किती दिवसांनी, आणि लिहिणाऱ्याने ते स्वतः पाहिले की ऐकले. चौथा रकाना विद्यार्थी रिकामा सोडतात. तो सोडू नका, खरे काम तिथेच आहे.

का, ते गोखल्यांच्या उदाहरणातून कळते. भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये इंग्लंडला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी तिथे गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांबद्दल सांगितले. परतल्यावर पुरावा मागितला गेला, तो उभा राहिना, आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. आता या प्रसंगाचे प्रदर्शनात काय करायचे? एक गट म्हणतो, सिद्ध झाले नाही, वगळा. दुसरा म्हणतो, लोक हेच सांगत आले आहेत, लिहून टाका. मला दोन्ही पळवाटा वाटतात. १८९७ सालच्या पुण्यात कुठली बाई पुढे येऊन नावानिशी साक्ष देणार होती? पुरावा पुढे आला नाही याचा अर्थ काही घडलेच नाही, असा होत नाही. आणि घडलेच, असे छातीठोकपणे लिहायलाही आपण मोकळे नाही. मग आरोप, त्याचा स्रोत, माफी आणि साक्ष का मिळाली नसेल याची कारणे, हे सगळे एकाच फलकावर लावा. माझ्या मते या खोलीतला तोच सर्वांत महत्त्वाचा फलक.

तारखांचा एक उपद्रव आधीच निस्तरून ठेवा. मराठी कागदांवर शके असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येते, पण शकवर्ष चैत्रात सुरू होते. त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या, म्हणजे पौष, माघ, फाल्गुनातल्या बहुतेक नोंदींना ७९ मिळवावे लागतात. पुण्यातल्या प्लेगचा जोर नेमका याच महिन्यांत होता. एका वर्षाची चूक लेबलावर गेली की पहिल्याच दिवशी कोणीतरी निवृत्त शिक्षक ती दाखवतात, आणि त्यांचे बरोबर असते.

वस्तू मिळत नाहीत तेव्हा

वस्तूंची यादी करायला बसलात की लक्षात येते, साथीच्या रोगाच्या वस्तू उरत नाहीत. ज्या घरात माणूस गेला तिथले कपडे, अंथरूण जाळले गेले. उरते ते कागद, छायाचित्रे, वैद्यकीय उपकरणे, आणि ज्यांचा घटनेशी थेट संबंध सांगता येत नाही अशी त्या काळातली भांडीकुंडी.

छायाचित्रांकडे सावधपणे बघा. मुंबईच्या साथीची १८९६-९७ मधली बरीच छायाचित्रे आज परदेशी संग्रहांत आहेत आणि त्यांतली पुष्कळशी इंटरनेटवर खुली आहेत. त्यांत तपासणी पथके, चुना मारणारे मजूर, रुग्णालयातल्या खाटांच्या ओळी दिसतात. माणसे ओळीने उभी, कॅमेऱ्याकडे बघणारी. कॅमेरा सरकारी कामाबरोबर आलेला आहे. घराच्या आतून, चुलीपाशी बसलेल्या बाईच्या जागेवरून काढलेले छायाचित्र शोधायला जाल तर हात रिकामेच राहतील. हे प्रेक्षकाला सांगितलेच पाहिजे. आणि मुंबईचे छायाचित्र पुण्याचे म्हणून लावायचे नाही, कितीही चपखल बसत असले तरी. मी असे लावलेले प्रदर्शन पाहिले आहे. ओळीत उभ्या माणसांच्या मागे समुद्र दिसत होता.

भांड्यांचे काय? एक तांब्याचा हंडा मिळाला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, प्लेगशी संबंध शून्य. तो ठेवायला हरकत नाही, फक्त लेबलाने खोटे बोलू नये. ते कसे, ते पुढे सांगतो.

वस्तू उसनी आणायची तर तोंडी बोलण्यावर जाऊ नका. उसनवारीचा करार, किती दिवसांसाठी, विमा कोणी काढायचा, वाहतूक कोणाची, छायाचित्र काढू द्यायचे की नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात, म्हणून मालकाकडे कोणते कागद आहेत ते आधीच विचारा. वस्तू हातात घेताना अवस्थेची नोंद करा: चारही बाजूंनी छायाचित्र, जुनी चीर कुठे, डाग कुठे, कडा कुठे उडाली आहे. ही नोंद मालकासमोर करा आणि दोघांच्या सह्या घ्या. घरगुती माणसे यावर हसतात, ‘अहो, आमचा विश्वास आहे तुमच्यावर’ म्हणतात. परत देताना तोच कागद तुम्हाला वाचवतो.

खोली कागदावर

मोजपट्टी घ्या आणि खोली स्वतः मोजा. इमारतीच्या जुन्या नकाशावर विसंबू नका. दाराची रुंदी मोजली नाही म्हणून काचपेटी बाहेर राहिलेली मी पाहिली आहे. मग मोठ्या कागदावर एकास वीस या प्रमाणात आराखडा, आणि त्यावर पेट्या व फलकांचे कापलेले तुकडे सरकवत बसा. संगणकावर हे छान दिसते, पण पाच जणांनी एकाच वेळी बोटे लावायला कागदच बरा.

आमच्या खोलीला एकच दार आहे, म्हणजे माणूस जिथून आत येतो तिथूनच बाहेर जातो. याचा उपयोग करून घ्या. दाराजवळ एक दगडी उंबरा आणि चौकटीचा भास. आत येताना प्रेक्षक उंबरा ओलांडतो आणि नकळत तपासणी पथकाच्या जागी उभा राहतो. पहिल्या भिंतीवर रोगाबद्दल तेव्हा काय ठाऊक होते ते. मधल्या भागात स्वयंपाकघर आणि देवघराएवढी मोकळी चौकट, जमिनीवर फक्त रेघांनी आखलेली. तिच्या एका बाजूला सरकारी हुकूम, दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्रे आणि पत्रे. तिसऱ्या भिंतीवर तो गोखल्यांचा फलक. चाफेकर शेवटी.

उंबरा खरा उंच करू नका. चाकाच्या खुर्चीला तो अडथळा होतो. जमिनीत सपाट बसवलेली दगडी पट्टी पुरते. कुठल्याही दोन पेट्यांमध्ये निदान चार फूट मोकळी वाट हवी. फलकाचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर आला की मोठ्यांना वाकावे लागत नाही आणि शाळेतल्या मुलांनाही मान फार वर करावी लागत नाही. आडव्या पेट्या बसून बघता येतील इतक्या खाली ठेवा. आणि एक बाक ठेवा. बाकासाठी जागा नाही असे डिझायनर नेहमी म्हणतात. एक फलक काढा, जागा होते.

शेवटच्या भिंतीवर मला नकाशा हवा होता, आणि तो का, ते सांगतो. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये झाला. तिथून परतताना रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते गव्हर्नमेंट हाउस म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. आणि विद्यापीठाला आज नाव आहे सावित्रीबाई फुले यांचे, ज्या त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता, प्लेगनेच गेल्या. या दोन गोष्टी एका नकाशावर ठेवल्या की खाली फार मजकूर लागत नाही. सावित्रीबाई आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांचा दवाखाना, सरकारी रुग्णालय, विलगीकरणाच्या छावण्या हे सगळे त्याच नकाशावर आले की साथीत माणसांची काळजी कोणी कोणी घेतली हेही दिसते. चाफेकरांच्या गोष्टीत हा भाग एरवी हरवतो.

पश्चिमेची खिडकी आणि पावसाळा

आता खिडकी. बंद करा. निदान दुपारच्या उन्हासाठी पूर्ण झाका. जुना कागद, छायाचित्र, कापड यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) जास्त उजेड पडू नये. तैलचित्र किंवा लाकडाला २०० पर्यंत चालतो. दगड आणि बहुतेक धातूंना उजेडाची फिकीर नसते. उजेडाची इजा साठत जाते आणि भरून येत नाही. लक्समीटर फार महाग नसतो, तो घ्या. मोबाइलमधले अॅप फक्त अंदाजापुरते. अस्सल कागद तीन महिन्यांनी उतरवून त्याजागी दुसरा किंवा हुबेहूब प्रत लावा, आणि प्रत आहे असे लेबलावर लिहा. ५० लक्सला खोली अंधारी वाटते अशी तक्रार येईल. दाराजवळचा उजेड आधीपासूनच थोडा उतरता ठेवला की डोळे सरावतात.

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जाते, आणि पासष्ट-सत्तरच्या पुढे कागदावर बुरशी धरते. एसी दिवसा चालू आणि रात्री बंद, हा सर्वांत वाईट प्रकार. त्या चढउताराने कागद आणि लाकूड रोज फुगते-आकसते. त्यापेक्षा घट्ट बसणारी पेटी आणि तळाच्या कप्प्यात ओल शोषणारे सिलिका जेल बरे. पेटीसाठी सुतार प्लायवूड किंवा एमडीएफ आणेल. त्यातून निघणारी आम्ले बंद पेटीत साठतात आणि शिसे, कागद, कापड यांना खातात, म्हणून आतून अडथळा देणारा थर लावा आणि रंग पूर्ण वाळू द्या, तीन-चार आठवडे तरी. वेळापत्रकात हे आठवडे धरलेले नसतात. धरा. वाळवी आणि कसरीसाठी इमारतीची तपासणी सामान आणण्याआधी करून घ्या, नंतर औषध फवारता येत नाही.

लेबल: साठ शब्दांत काय काय

माणूस उभ्याने वाचतो. बरोबर मूल असते, मागे माणसे असतात. वस्तूच्या लेबलाला पन्नास-साठ शब्द, भिंतीवरच्या फलकाला शंभर-सव्वाशे, त्यापुढे जाऊ नका. आधी इंग्रजीत लिहून मग मराठी करायची सवय असेल तर ती मोडा. त्या मराठीत ‘द्वारे’, ‘करण्यात आले’, ‘दर्शविते’ यांची गर्दी होते आणि वाक्याचा कर्ता पळून जातो. ‘घरांची तपासणी करण्यात आली’ असे लिहिले की कोणी केली ते लपते. या खोलीत तर तो प्रश्नच मुख्य आहे.

त्या हंड्याचे लेबल विद्यार्थ्यांनी आधी असे लिहिले होते: ‘प्लेगकालीन तांब्याचा हंडा. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीय कारागिरीचा उत्कृष्ट नमुना.’ यात ‘प्लेगकालीन’ हा शब्द गुळगुळीत खोटे बोलतो, आणि ‘उत्कृष्ट नमुना’ काहीच सांगत नाही. चार खर्ड्यांनंतर ते असे झाले:

‘हा हंडा प्लेगच्या घरातला आहे असे म्हणता येत नाही. असे हंडे तेव्हा बहुतेक घरांत पाण्याच्या जागी, चुलीजवळ असत. बाहेरच्या माणसाने तिथे हात लावायचा नाही, असा रिवाज होता. मार्च १८९७ मध्ये तपासणीला आलेले सैनिक त्या जागेपर्यंत गेले.’

हंडा तोच. आता माणूस त्याच्यापाशी थांबतो.

‘म्हणता येत नाही’ असे लिहायला विद्यार्थी घाबरतात. संग्रहालयाची पत जाईल असे वाटते. उलट आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात उसनी आली, तेव्हा महाराष्ट्रभर चर्चा झाली. ती शिवाजी महाराजांची, आणि साताऱ्यात ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफला मिळाली, असे त्यांच्या पेटीवर लिहिलेले आहे. शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, हे पडताळता आलेले नाही, असेही लंडनचे ते संग्रहालय स्वतःच सांगते. वस्तू काय सांगते, पेटी काय सांगते, आणि आपण काय सांगू शकतो, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लेबल लिहिताना त्या तिन्ही डोळ्यांसमोर वेगवेगळ्या ठेवा.

अक्षराबद्दल थोडे. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे रोमन लिपीपेक्षा ओळींत जास्त अंतर लागते. वस्तूच्या लेबलाला २४ पॉइंटच्या खाली जाऊ नका, आणि काळ्यावर करडी अक्षरे डिझायनरने कितीही आग्रह केला तरी नकोत. मग खऱ्या आकारात छापून भिंतीला चिकटवा आणि आपल्या आजीला किंवा इमारतीच्या पहारेकऱ्याला वाचायला सांगा. पहारेकरी जिथे अडखळतो ते वाक्य बदला.

ही तालीम साध्या कागदावर छापलेल्या मजकुरानेच करायची, पक्की छपाई होण्याच्या निदान महिनाभर आधी. दहा-बारा अनोळखी माणसांना खोलीत फिरवा आणि बाहेर आल्यावर एकच विचारा: ‘घरी जाऊन काय सांगाल?’ आमच्या पहिल्या तालमीत बाराच्या बारा जणांनी चाफेकर सांगितले. म्हणजे आमचे ते वाक्य कोणापर्यंत पोचलेच नव्हते. चाफेकरांचा फलक निम्मा केला, सिमाँ आणि पिसूचा मजकूर दाराजवळ आणला, आणि दुसऱ्या तालमीत एका काकूंनी म्हटले, ‘म्हणजे उंदीर सोडून सगळ्यांना त्रास दिला.’ तेवढे पुरे होते.

उभारणी आणि उद्घाटन

क्रम: वीज, रंग, पेट्या, छापील फलक, झाडलोट, दिवे लावून बघणे, आणि सगळ्यात शेवटी वस्तू. सुतार हातोडा चालवतो आहे आणि शेजारच्या पेटीत अस्सल कागद आहे, असे कधीही होऊ देऊ नका. फलकांसाठी स्वस्त फ्लेक्स घेतला तर त्याचा वास आठवडे राहतो. कापडावरची छपाई थोडी महाग, पण खोलीला बरी.

उद्घाटनाला समई आणि नारळ असणारच. ते व्हरांड्यात. काजळी आणि नारळाचे पाणी कागदाच्या पेटीपासून लांब ठेवायचे, हे पाहुणे येण्याआधी ठरवून घ्या, कारण पाहुणे आल्यावर कोणी कोणाचे ऐकत नाही. हारांची टोपलीही बाहेरच. फुलांबरोबर किडे आत येतात.

पहिल्या रविवारी वही घेऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसा, स्वतःची ओळख न देता. कोण कुठे थांबले, किती वेळ, कोणता फलक न वाचता पुढे गेले, मुलाने आईला काय विचारले, एवढेच टिपा. अभिप्राय वहीत ‘अतिशय सुंदर उपक्रम’ असे लिहिलेले सापडेल. ते वाचून आनंद माना, पण त्यावरून काही ठरवू नका. तुमच्या वहीतल्या खुणांवरून ठरवा. लेबलांच्या फाइली जपून ठेवा, कारण सोमवारी संग्रहालय बंद असते आणि निदान दोन लेबले तेव्हाच बदलायची असतात.